सावरताना

न्हाणीघराच्या दारात हिल्लाचे पाय जमिनीला चिकटले आणि ती मागे कलंडली, तेव्हा तिचा नवरा केकी तिच्या पाठीशीच उभा होता. त्याने दोन्ही हात तिच्या काखेतून पुढे घातले, छातीवर जुळवले आणि तिला उचलून पोटाशी घट्ट आवळून धरलं. टॉवेल खाली पडला, साबणदाणी घरंगळत मोरीपर्यंत गेली. हिल्ला मात्र पडली नाही.

"धरली की नाही?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "अजून आहे जोर."

धरताना कुठेतरी कट्कन वाजलं होतं. साबणदाणी फुटली असेल, असं त्याला वाटलं.

हिल्ला काहीतरी बोलली. अलीकडे तिचा आवाज रजईखालून आल्यासारखा येई. त्याने कान तिच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. टॉवेल दे."

केकी मास्तरने नवसारीच्या शाळेत जन्मभर पोरांना कवायत शिकवली होती. सत्तरी उलटली तरी पहाटे उठून, प्रार्थना म्हणत कमरेला कस्ती बांधून, मागच्या अंगणात तो दंड काढी. हिल्लाला कंपवात जडला, तिचे हात कापण्यापेक्षा सगळं अंगच हळूहळू ताठत गेलं, तेव्हापासून तिला खाटेवरून उठवणं, न्हाऊ घालणं, दारापुढच्या ओटल्यावर आणून बसवणं, सगळं तो एकट्याने करी. हिल्लाची धाकटी बहीण तेहमी दोन घरं सोडून राहायची. पोस्टातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, जिभेला धार असलेली. मदतीला एखादी बाई ठेव म्हणून ती त्याच्या मागे लागे, तेव्हा त्याचं उत्तर ठरलेलं असे.

"हिल्लाला उचलायला मला बाई लागली, की त्याच दिवशी मला शेवटचं उचलायला खांदिये बोलव."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्लाने पोरोला हात लावला नाही. अंड्याचा पोरो, त्यात भरपूर कोथिंबीर आणि हिरवी मिरची. हे ती कधी टाकत नसे. केकीने घास करून तोंडाशी नेला तर तिने ओठ मिटून घेतले. न्हाणीघरात साबणदाणी धड होती, हे त्याने उचलून ठेवताना पाहिलं. पण त्याचा काही अर्थ त्याच्या मनात उतरला नाही.

तेहमी पुदिना घेऊन आली ती बहिणीकडे बघत दारातच उभी राहिली.

"केकी, हिला श्वास घेता येत नाहीये."

"घेतेय की."

"अर्धाच घेतेय. नीट बघ. छाती वर येते आणि मध्येच थांबते." ती खाटेवर टेकली. "हिल्ला, कुठे दुखतंय गं?"

हिल्लाचा चेहरा होता तसाच होता. एके काळी त्या चेहऱ्यात सारा मोहल्ला राहायला होता. नवरोजच्या नाटकात ती नुसती भुवई उचलून आत आली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायला लागत. अगियारीतल्या दस्तुरजींचं घसा खाकरणं, डॉक्टरचं नाडी बघता बघता डोळे मिटणं, तेहमीचं ओठ मुडपणं, सगळं तिच्या तोंडावर उभं राही, आणि शब्द निघायच्या आधीच केकी हसून मोकळा व्हायचा. आजाराने पहिल्यांदा तेच नेलं होतं. आता तिथे राग, हसू, दुखणं, झोप, सगळ्याला एकच चेहरा होता.

तेहमीने तिच्या गाऊनची बटणं काढली, आतला मलमलचा सदरा वर केला. डाव्या स्तनाखाली जांभळी झालेली चार बोटं उमटली होती. अंगठा जरा वर, वेगळा.

तेहमीने ती बोटं पाहिली. मग केकीच्या हाताकडे पाहिलं. एरवी पुदिन्याची काडी वाळली तरी बोलणारी ती बाई सदरा खाली करून बटणं लावायला लागली.

डॉक्टर वशींनी एक्स-रे उजेडात धरला. दोन बरगड्यांना चीर गेली होती. फार काही करायचं नसतं, म्हणाले, आपोआप सांधतात. केकीने सुटकेचा निःश्वास टाकला, पण डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला नाही.

"मास्तर, आणि हे बघा. हे कालचं नाही." त्यांनी पेनाचं टोक पाठीच्या कण्यावरून हळूच खाली आणलं. "हा मणका आणि हा. दोन्ही दबलेत. वर्ष तरी झालं असेल. तेव्हा पाठ दुखली असणार यांची. चांगलीच."

"छे. कधी बोलली नाही ती."

चाकाच्या खुर्चीत बसलेली हिल्ला काहीतरी पुटपुटली. दोघेही पुरुष वाकले.

"बोलले होते," ती म्हणाली.

केकी वाकलेला तसाच राहिला. मागच्या थंडीत ती पाठ दुखते म्हणाली होती खरी. तिला पोक यायला लागलं होतं, आणि पोक काढलेला माणूस बघितला की केकीच्या डोक्यात तिडीक उठे. शाळेत त्याने अशी शेकडो पोरं सरळ केली होती. त्याने हिल्लाला रोज सकाळी भिंतीशी उभं केलं. टाचा भिंतीला, डोकं भिंतीला, छाती बाहेर. स्वतः समोर उभा राहून तो अंक म्हणे. ती उभी राही. चेहऱ्यावर काही नसे. आठवड्याभराने तिने पाठीचं नाव काढणं सोडलं, तेव्हा उपाय लागू पडला म्हणून त्याने तेहमीला फुशारकीने सांगितलंही होतं.

डॉक्टर बोलत होते. या आजारात माणसाचं चालणं कमी होतं, ऊन अंगावर पडत नाही, वजन उतरतं आणि हाडं आतल्या आत पोखरत जातात. बाहेरून काही दिसत नाही. "ऑस्टिओपोरोसिस," ते म्हणाले. "एरवीही उतारवयात बायकांना होतोच. यांना दोन्ही दुखणी एकदम आहेत, आणि दोन्ही एकमेकांना हात देतात."

"मग बसवून ठेवू? चालवू नको?"

"चालवायला तर हवंच. बसून राहिल्या तर हाडं अजून झिजतील, अंग अजून ताठेल."

"आणि चालताना पडली तर?"

"पडू द्यायचं नाही."

"धरलं तर मोडते."

डॉक्टर वशींनी पेनाचं टोपण लावलं. "बेताने धरायचं, मास्तर."

"बेताने म्हणजे किती?"

डॉक्टर भला माणूस होता. त्याने उगीच काहीतरी सांगितलं नाही. तो टेबलावरचे कागद सारखे करायला लागला.

हाडांसाठी एक गोळी सुरू झाली. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर अर्धा तास ताठ बसून राहायचं. आडवं झालं की ती घशात जळते. त्या अर्ध्या तासात दुसरं काही पोटात जाता कामा नये, कंपवाताची गोळीसुद्धा नाही. आणि कंपवाताची पहिली गोळी पोटात गेल्याशिवाय हिल्लाला सकाळी ताठ बसताच येत नसे. पहिल्या रविवारी केकीने पाठीला उशा लावून तिला बसवलं, तर ती उशांसकट एका अंगाला कलायला लागली. तो सरळ करी, ती पुन्हा कले. हात लावायची भीती, सोडायची भीती. पेलाभर पाण्यातलं अर्धं गाऊनवर सांडलं, ठसका लागला, आणि ठसक्याबरोबर मोडक्या बरगड्या हलल्या असतील, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोंडावर काही नाही, नुसतं पाणी.

"एकीची गोळी दुसरीला चालत नाही," तेहमी म्हणाली. "अगदी सवती आहेत ही दोन दुखणी."

हिल्ला काहीतरी पुटपुटली. तेहमीने कान नेला आणि फिस्सकन हसली.

"काय म्हणते?" केकीने विचारलं.

"म्हणते, आणि नवरा उशा सांभाळतोय."

पुढे डॉक्टरांनी ती गोळी बंद करून वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध लिहून दिलं. त्याचा गुण यायला वेळ लागेल, तोवर जपा, म्हणाले.

केकीने जपायला सुरुवात केली. त्याने जशी नावाची दणकट, गोड आवाजाची बाई ठेवली. हिल्लाला चालवताना धरायचा पट्टा कमरेला कसा बांधायचा आणि तिला उचलायचं कसं, ते दवाखान्यातल्या मुलीने जशीला शिकवलं. जशी हिल्लाला उठवी, न्हाऊ घाली, पट्ट्याला धरून ओसरीपर्यंत चालवी, आणि केकी त्यांच्या मागून चाले. हात पाठीमागे बांधलेले, पाय थोडे फाकलेले. कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर पोरं उभी राहतात तसा तो आता घरात उभा राहायला लागला. पहाटेचे दंडही थांबले. कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

एका संध्याकाळी जशी घरी गेल्यावर तो लोबानाची धुपाटणी घेऊन खोलीखोलीतून फिरत होता. हिल्लाच्या खाटेशी आला तेव्हा तिने गाऊनवरची बोटं हलवली. तिचं हे बोलावणं होतं. तो खाली वाकला.

"तू मला हात लावत नाहीस."

"जशी आहे ना."

"जशीशी लग्न केलं होतं का मी?"

त्याने धुपाटणी खाली ठेवली.

"तरणे होतो तेव्हा नको म्हटलं तरी लावायचास," ती म्हणाली.

ही थट्टा आहे हे कळायला त्याला एक क्षण लागला. मग तो हसला, पण तोवर उशीर झाला होता. आणि तो उशिरा हसला हे तिलाही कळलं असणार.

"मला समजत नाही गं," तो खाटेच्या कडेला टेकत म्हणाला. "तुला दुखलं तर तोंडावर दिसत नाही. मी काय बघून हात लावू?"

"विचार की."

"विचारलं की नाही म्हणतेस. त्या दिवशीही विचारलं मी. काही नाही म्हणालीस. दोन बरगड्या मोडल्या होत्या, हिल्ला."

बोलायच्या आधी तिला आता श्वासाची जुळवाजुळव करावी लागे.

"हो म्हटलं असतं तर पळाला असतास," ती म्हणाली. "आता पळालासच ना."

केकीने धुपाटणी उचलली आणि देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवली. परत आला तेव्हा तिने डोळे मिटले होते. झोपली की रुसली, हे त्याला बघून समजेना. पूर्वी पाठमोरी असली तरी समजायचं.

नंतर ते घडलं. दुपारची वेळ. जशी मागे कपडे वाळत घालत होती, आणि हिल्ला खुर्चीतून आपली आपण उठली. गोळीचा अंमल चढला की कधी कधी तिला अशी हुशारी येई. केकी दाराशीच होता. तिने एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. तिसऱ्याला पाय चिकटले आणि वरचं अंग पुढे गेलं.

त्याला दिसलं. स्वच्छ दिसलं. पॅरलल बारवरून निसटणारं पोर हवेत झेलणारा माणूस तो. त्याच्या मानाने हे काहीच अंतर नव्हतं. पण हात मागेच राहिले. एकमेकांना धरून, पाठीशी, जसे त्याने त्यांना शिकवलं होतं तसे. हिल्ला हात टेकत फरशीवर पडली, आणि या वेळी आवाज कुठून आला याबद्दल त्याला काही शंका राहिली नाही.

जशी धावत आली. "मास्तर, तुम्ही इथंच होतात ना?" तिने विचारलं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. म्हणून ते जास्त लागलं.

मनगट मोडलं होतं. खुब्यावर पडली असती तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर वशी म्हणाले. कोपरापर्यंत प्लास्टर आलं. त्या हाताने जे काही थोडं होई, चमचा, बटण, देव्हाऱ्यातल्या दिव्यासमोर हात जोडणं, तेही गेलं.

तेहमीने सुरतेच्या आश्रमाचा विषय काढला तो त्यानंतर. म्हाताऱ्या पारशांसाठीचा आश्रम. भिंतींना सगळीकडे धरायला दांडे, न घसरणारी फरशी, दिवसरात्र नर्स. बायकांच्या बाजूला एक खाट रिकामी झाली होती. पुरुषांच्या बाजूला जागा नव्हती.

"तू रविवारी जाऊन बसत जा तिच्यापाशी," तेहमी म्हणाली. त्याने आरडाओरडा करावा, खांदियांचं नाव काढावं, म्हणजे आपल्याला भांडता येईल, अशा तयारीने ती आली होती. दोन्ही हात कमरेवर होते.

"बरं," केकी म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. माझ्याच्याने होत नाही, तेहमी. धरलं तरी मोडते, सोडलं तरी मोडते. तिथल्या लोकांना येत असेल."

तेहमीचे हात कमरेवरून उतरले. आता त्यांचं काय करावं हे तिला सुचेना, म्हणून तिने टेबलावरचा कप उचलून विसळायला नेला.

हिल्लाला त्याने स्वतः सांगितलं. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "सकाळी तिथे चहात पुदिना घालतात का?"

"विचारतो."

"विचार."

एवढंच. रडली नाही, नाही म्हणाली नाही. ती राजी आहे असं केकीने तेहमीला सांगितलं. पण सांगताना आपण हे कशावरून म्हणतोय, ते त्याचं त्यालाच उमगलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर जायचं ठरलं. आतून मनगट निघालं ते पोराच्या मनगटाएवढं, कातडीवर पांढुरका कोंडा. जाण्याच्या दिवशी तेहमीने गाडी सांगितली होती. जशीने बॅग भरली. केकीने पहिली गोळी रोजच्या वेळेला दिली. इतक्या वर्षांत ती वेळ त्याने एकदाही चुकवली नव्हती, अगियारीत असला तरी घड्याळ बघून घरी येई. आणि त्या सकाळी गोळीही अशी लागू पडली की बघत राहावं. हिल्लाने स्वतःच्या हाताने झग्याची बटणं लावली. रवो केला होता, दुधात शिजवलेला, मनुका-बदाम घातलेला. तो तिने आपल्या हाताने चमच्याने खाल्ला, वाटीच्या कडेला लागलेलाही निपटून.

"आज बरी दिसतेस," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "नेमकी आज."

ओटल्याच्या पायऱ्या उंच. चाकाची खुर्ची तिथून उतरत नसे. जशी बॅग आणि औषधांची पिशवी घेऊन पुढे गेली. ड्रायव्हर तरणा गडी होता, तो दारात येऊन म्हणाला, "काका, मी घेऊ उचलून?"

"नको," केकी म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला कळलं की आता आपल्यालाच उचलावं लागणार.

त्याने सुरकुती काढल्यासारखे तळवे तिच्याच झग्याला पुसले. मग दवाखान्यातल्या मुलीने जशीला दाखवलं होतं तसा एक हात गुडघ्यांखाली घातला, दुसरा पाठीमागे. बोटांनी धरायचं नाही, सपाट तळव्यावर तोलायचं. तो उठला. जन्मभर वजनं उचललेल्या त्याच्या दंडांना काही जाणवलंच नाही, इतकी ती हलकी झाली होती. हिल्लाने दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले आणि मानेमागे बोटांत बोटं गुंफली.

"दुखतंय?"

"नाही."

तो एकेक पायरी चाचपत उतरला. तेहमी गाडीच्या पलीकडच्या बाजूने आत बसून बहिणीला घ्यायला हात पसरून तयार होती. केकी वाकला, तिला सीटवर टेकवायला लागला. पाय टेकले, कंबर टेकली. हात सुटले नाहीत.

"सोड," तो म्हणाला.

बोटं तशीच राहिली. त्याची मान वाकलेली, डोकं गाडीच्या छताला लागलेलं.

"हिल्ला, सोड. बस नीट."

तिचा श्वास त्याच्या कानात आला. "अडकलेत," ती म्हणाली.

"काय झालं?" तेहमीने विचारलं.

"हात अडकलेत हिचे."

"आत्ता? अरे, आत्ता तर बटणं लावली तिने. मी बघितलं. गोळी दिलीस ना?"

केकीने मान जराशी मागे घेतली. हिल्लाचा चेहरा वीतभर अंतरावर होता. ओठांच्या कडेला रव्याचा एक कण होता. डोळे त्याच्याकडे लागलेले होते, पण त्या डोळ्यांत काय होतं हे सांगणारं आजूबाजूला काही शिल्लक नव्हतं. गोळी रक्तात असताना तिची बोटं कधी अशी अडकत नसत, हे त्याला माहीत होतं. आणि तिलाही माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला. "विसरलो."

"तू?"

"विसरलो म्हणतो ना."

"तू गोळी विसरलास?"

"म्हातारा झालोय, मेले. माणूस विसरत नाही?" त्याने हिल्लाला पुन्हा तळव्यांवर तोललं आणि गाडीबाहेर काढलं. "आता दिली तरी लागायला वेळ लागेल. असं ताठलेलं अंग वाकवून सुरतेपर्यंत नेलं तर आणखी एक मणका जायचा. आज राहू दे."

तेहमी गाडीतून उतरली. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बहिणीच्या गुंफलेल्या बोटांकडे.

"ती खाट कुणी राखून ठेवणार नाही, केकी."

"माहीत आहे."

"आणि उद्या काय करणार आहेस? परवा काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

तेहमीने ओठ मुडपले. मग ड्रायव्हरची समजूत घालायला ती पुढे गेली, आणि जशी बॅग घेऊन मुकाट्याने ओटला चढली.

केकी हिल्लाला घेऊन आत आला आणि खाटेच्या कडेवर बसला. ती त्याच्या मांडीवर, हात गळ्यात, गाल खांद्याला. कित्येक महिन्यांत ती इतकी जवळ आली नव्हती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि थोडा औषधाचा वास होता. त्याने पाठीवरचा तळवा हलवला नाही. बाहेर गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. आवाज मोहल्ल्याच्या टोकाशी जाऊन विरला.

"गेली," तो म्हणाला. "सोड आता."

बोटं सुटली नाहीत.

"पुरे झालं नाटक." तो हसला. या वेळी वेळेवर हसला, असं त्याला वाटलं. "मी नाही कुणाला सांगणार."

"नाटक नाही रे," ती म्हणाली.

त्याने डोकं मागे घेऊन तिच्याकडे पाहिलं. मग एक हात मोकळा करून आपल्या मानेमागे नेला आणि तिची बोटं चाचपली. थंड होती. कणखर होती, गाठ मारल्यासारखी, आणि त्या गाठीखाली नुकतंच सांधलेलं मनगट सुतळीएवढं लागत होतं. आखाड्यात त्याने भल्या भल्यांच्या पकडी सोडवल्या होत्या; करंगळीपासून सुरुवात करायची, एकेक बोट उलटं फिरवायचं. त्याने तिची करंगळी चिमटीत धरली.

मग सोडून दिली आणि हात पुन्हा तिच्या पाठीखाली नेऊन ठेवला. दंड भरून यायला लागले होते.

"सुटले का?" तेहमीने दारातून विचारलं.

"नाही अजून," केकी म्हणाला.